आयदक्कीचे तांदूळ आणि आजचे कायक

वाचकहो, 'कायक' हा शब्द आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारला जातो की त्याचा अर्थ पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. संस्कृतात 'काय' म्हणजे शरीर, आणि शरीराने केलेले ते कायिक. शरणांनी हा शब्द उचलला व त्यात दोन अटी घातल्या. काम प्रामाणिक असले पाहिजे, आणि त्याचे फळ दासोहाच्या वाटेने इतरांपर्यंत गेले पाहिजे. या अटी काढून घेतल्या की उरतो तो व्यवसाय. त्यास कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु त्यास कायक म्हणता येणार नाही.

हे आरंभीच सांगावयाचे कारण असे की, अलीकडे आमच्या उणकलमध्ये बाप-लेकांच्या वादात हा शब्द काठीसारखा उगारला जातो. मुलगा रविवारी नऊ वाजेपर्यंत झोपला की बाप म्हणतो, "बसवण्णांनी कायक सांगितले, आणि हा पाहा!" मुलाने तीन वर्षांत दोन नोकऱ्या बदलल्या की पुन्हा कायकाचाच दाखला. मुलगाही गप्प बसत नाही. एका तरुणाने श्रीमठात आम्हांस स्पष्ट विचारले, "अप्पाजी, आमच्या अप्पांनी तीस वर्षे भोंगा वाजला की जायचे आणि भोंगा वाजला की यायचे, एवढेच केले. ते कायक, आणि मी रात्री दोनपर्यंत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जागतो ते कायक नाही काय?" प्रश्न उद्धटपणाचा वाटेल, पण तो खरा आहे. त्याचे उत्तर वडिलकीच्या जोरावर देता येत नाही.

प्रथम वडिलांची बाजू पाहू. उणकल हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. तलाव, चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देऊळ, भोवती जोंधळा, कापूस आणि मिरचीची काळी रान. हुबळीत सदर्न मराठा रेल्वेच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रेल्वेचा कारखाना निघाला, आणि या भागातील किती घरांना त्याने बांधीव पगार दिला याची गणती करणे कठीण. त्या पिढीचे काम डोळ्यांना दिसत असे. डबा दुरुस्त झाला की रुळावर चालताना दिसे. शेत नांगरले की संध्याकाळी काळ्या ओळी दिसत. आणि भोंगा हा जसा धनी होता तसा तो रक्षकही होता, हे विसरता कामा नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. भोंगा वाजला की माणूस मोकळा. मग तो शेताकडे जाई, भजनाला बसे, मठात येई.

मुलाच्या कामाला भोंगा नाही. खिशातला मोबाईल हाच त्याचा भोंगा, आणि तो सुटीचा कधी वाजत नाही. गोकुळ रोडवरील इन्फोसिसचा परिसर बांधून झाल्यावर बराच काळ ओस होता. तेथे काम सुरू व्हावे म्हणून हुबळीकरांनी मागणी लावून धरली आणि २०२२ साली ते सुरू झाले. तोवर येथील मुले बंगळूर-पुण्याच्या वाटेला लागत. आजही पुष्कळ लागतात. याच कंपनीच्या नारायण मूर्तींनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोलणे देशभर गाजले. ९० तास म्हणजे रविवार धरूनही रोज जवळजवळ तेरा तास. त्यातून झोप आणि प्रवास वजा करा, आणि इष्टलिंगपूजेला, म्हाताऱ्या आईशी बोलायला, शेजाऱ्याच्या मयताला जायला काय उरते ते पाहा. अशा वेळी काही विद्वान 'हेच शरणांचे कायक' म्हणून व्यासपीठावरून सांगतात. त्यांनी आयदक्की लक्कम्मांचा प्रसंग पुन्हा एकवार वाचावा अशी आमची नम्र सूचना आहे.

तो प्रसंग शून्यसंपादनेत आला आहे. मारय्या आणि लक्कम्मा हे अमरेश्वराकडचे, म्हणजे आताच्या रायचूर जिल्ह्यातले दांपत्य. कल्याणात येऊन मारय्यांनी कायक पत्करले ते सांडलेले तांदूळ वेचण्याचे. आयदक्की म्हणजेच वेचलेला तांदूळ. रोज लागतील तेवढे वेचायचे, शिजवायचे, जंगमांना वाढायचे आणि मग आपण जेवायचे. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. आजच्या भाषेत त्यांनी 'टार्गेट' ओलांडले. लक्कम्मांना आनंद व्हायला हवा होता. त्या रागावल्या. हा हव्यास राजाच्या घरी शोभतो, शरणाच्या घरी नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव आहे. आणि जास्तीचे तांदूळ होते तेथे परत टाकून या असे त्यांनी नवऱ्याला बजावले. मारय्या मुकाट्याने परत गेले.

येथे थांबून विचार करा. मारय्यांनी चोरी केली नव्हती, आळसही केला नव्हता. त्यांनी अधिक काम केले होते, आणि दोष तोच ठरला. कायकाची मोजणी तासांवर किंवा पोत्यांवर होत नाही, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत कोण सांगणार? नुलिय चंदय्यांचीही तीच रीत. ते तळ्याकाठचे गवत कापून दोर वळीत. दोराचे जे रास्त मोल तेवढेच घ्यायचे, कोणी श्रद्धेने जास्त देऊ लागला तरी नाही, हा त्यांचा नेम.

मात्र यावरून कोणा तरुणाने 'थोडेच काम करा असे शरण सांगतात' असा सोयीचा अर्थ काढू नये. याच प्रकरणात, गप्पांत रमलेल्या मारय्यांना कायकाची वेळ चालली म्हणून आठवण देणाऱ्याही लक्कम्माच आहेत. वेळेवर जायचे आणि गरजेपुरते आणायचे, ही दोन्ही बोलणी एकाच तोंडची आहेत. वडील पहिले तेवढे ऐकतात, मुले दुसरे.

आता नोकरी बदलण्याविषयी. वडिलांच्या मनात एका जागी तीस वर्षे राहणे म्हणजेच निष्ठा. पण बसवण्णा मंगळवेढ्यात करणिक होते, पुढे भांडारी झाले, कल्याणात मंत्री झाले. मोळिगे मारय्या तर काश्मीरचे राज्य सोडून कल्याणात मोळ्या विकू लागले, अशी परंपरा सांगते. काम बदलल्याने कायक बाटत नाही. ते कशासाठी बदलले, एवढेच पाहावे लागते. जो अधिक पगारासाठी गेला आणि त्यातून धाकट्या बहिणीचे शिक्षण करतो, त्याला अस्थिर म्हणण्यापूर्वी वडिलांनी थोडे थांबावे.

आमची खरी तक्रार दुसरीच आहे, आणि ती दोन्ही पिढ्यांबद्दल आहे. शरणांच्या मेळाव्यात मडिवाळ माचिदेव परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी, सत्यक्का रस्ता झाडणाऱ्या, कदिर रेम्मव्वा सूत कातणाऱ्या. कोणाचे कायक उंच नाही, कोणाचे हलके नाही. आज अभियांत्रिकीची पदवी घेतलेला मुलगा मनासारखी जागा मिळेपर्यंत दोन दोन वर्षे घरी बसतो, पण चुलत्याच्या दुकानात उभा राहत नाही. हे त्याला कोणी शिकविले? उणकलची शेते एकामागून एक वसाहतींत गेली. ज्यांनी ती विकली त्यांनीच घरात रोज म्हटले, "शेतीत काय ठेवले आहे? शिक, नाहीतर मातीत हात घालावे लागतील." मातीत हात घालणे ही शिक्षा म्हणून सांगायची, आणि पंचवीस वर्षांनी मुलाला श्रमाची आवड नाही म्हणून मठात येऊन रडायचे, हे कसे जमावे?

आणि घरातल्या सुनेचा विचार या वादात कोणीच करीत नाही. ती बँकेत आठ तास बसते, येऊन भाकरी थापते, आणि सासूबाई म्हणतात आमच्या वेळी चुलीवर पंधरा माणसांचे होत असे. होत असे, हे खरे. परंतु त्या वेळी बँकेत जावे लागत नव्हते. लक्कम्मांच्या घरात कायक दोघांचे होते, आणि हिशोब विचारण्याचा अधिकारही दोघांचा होता.

त्या तरुणाला आम्ही एवढेच विचारले की, रात्री दोनपर्यंत जागून जे केलेस त्यात खोटे काही होते काय, आणि त्यातले कोणाला काय दिलेस? पहिल्याचे उत्तर त्याने लगेच दिले. दुसऱ्याला वेळ लागला. त्याच्या वडिलांनाही आम्ही तेच दोन प्रश्न विचारले, आणि त्यांनाही दुसऱ्यालाच वेळ लागला.

या महिन्यात मारय्या-लक्कम्मांचे हे प्रकरण घरी एकत्र बसून वाचावे. वडिलांनी लक्कम्मांचे बोलणे वाचावे, मुलाने मारय्यांचे. पुढील अंकी नुलिय चंदय्यांचे इष्टलिंग तळ्याकाठी गळून पडले तो प्रसंग घेऊ.