टोनी मॉरिसन : जीवन, लेखन आणि शब्दांची जबाबदारी

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु ज्यांच्या मुक्तीचा तो गौरव होता, त्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांचे पुढे काय झाले, कायद्याने बेड्या तुटल्यानंतर मनावरच्या बेड्या तुटल्या की नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या प्रश्नाचे उत्तर ज्या लेखिकेने अकरा कादंबऱ्यांतून शोधले, त्या टोनी मॉरिसन यांच्या जीवनाचा व साहित्याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. तथापि केवळ पारितोषिकाचा गौरव करावा हा आमचा हेतू नाही. निवासी शाळेत राहून शिकणाऱ्या मुलामुलींना या जीवनातून काय घेता येईल, याचा विचार आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो.

बालपण आणि घरचे संस्कार

टोनी मॉरिसन यांचे मूळ नाव क्लोई वॉफर्ड. त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १९३१ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील लोरेन या कारखान्यांच्या गावी झाला. चार भावंडांत त्या दुसऱ्या. वडील जॉर्ज वॉफर्ड हे मूळचे दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले. तेथे कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याचे प्रसंग त्यांनी कोवळ्या वयात अनुभवले होते. ते उत्तरेत आले आणि वेल्डर म्हणून कष्टाची कामे करू लागले. आई रामाह यांचे कुटुंबही दक्षिणेतून असेच परागंदा झालेले होते. क्लोई दोन वर्षांच्या असताना भाडे थकले म्हणून घरमालकाने राहत्या घराला आग लावली. माणसे आत असताना चार डॉलर भाड्यासाठी घर पेटविणाऱ्याच्या वेडेपणाला तिचे आईवडील हसले. त्याच्या द्वेषाने त्यांनी आपले मन काळवंडू दिले नाही.

घरात दारिद्र्य होते, पण गोष्टी, गाणी, भुताखेतांच्या कथा आणि पुस्तके यांना तोटा नव्हता. ज्या देशाच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकविणे हा एकेकाळी गुन्हा होता, तेथे वाचन ही केवळ करमणूक राहत नाही. ते स्वातंत्र्याचेच एक रूप ठरते. क्लोईच्या आजोबांना शाळा लाभली नव्हती. त्यांच्या बहिणीने त्यांना वाचावयास शिकविले, आणि बायबल अथपासून इतिपर्यंत अनेकवार वाचल्याचा त्यांना अभिमान होता.

वडिलांच्या दोन आठवणी मॉरिसन यांनी सांगितल्या आहेत. जहाजाच्या पत्र्यांची एक जोडणी फार सुबक साधली म्हणून वडिलांनी तिच्यावर आपले नाव कोरले. ते कोणाला दिसणार, असे मुलीने विचारताच, ते तेथे आहे हे मला ठाऊक आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. दुसरी आठवण अशी. लहानपणी क्लोई शाळा सुटल्यावर एका श्वेतवर्णीय बाईच्या घरी साफसफाईचे काम करीत असे. आठवड्याला दोन डॉलर मिळत. त्यांतला एक ती आईच्या हातावर ठेवी. पुढे काम वाढत गेले, त्रास होऊ लागला. तिने वडिलांकडे गाऱ्हाणे मांडले. वडिलांनी कीव केली नाही. तू त्या घरात राहत नाहीस, तू आपल्या माणसांत राहतेस. कामावर जा, पैसे घे आणि घरी ये, असे त्यांनी बजावले. काम चांगले करावे ते मालकासाठी नव्हे, स्वतःसाठी. आणि आपण जे काम करतो तेवढेच आपण नसतो, हा धडा मॉरिसन यांनी आयुष्यभर जपला. ज्यांचे आईवडील आजही दुसऱ्यांच्या शेतात वा घरांत राबतात, त्या आमच्या विद्यार्थ्यांनी ही आठवण मनात कोरून ठेवावी.

शिक्षण आणि संपादनकार्य

बाराव्या वर्षी क्लोईने कॅथलिक पंथाचा स्वीकार केला. त्यावेळी घेतलेल्या ‘अँथनी’ या नावावरून पुढे ‘टोनी’ हे नाव रूढ झाले. १९४९ साली त्या वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात दाखल झाल्या. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठात आपलीच माणसे भेटतील या आनंदात त्या होत्या. भेटलीही, परंतु आपल्याच माणसांतही उजळ कातडीला वरचा व गडद कातडीला खालचा दर्जा दिला जातो, हे त्यांना तेथेच दिसून आले. शोषितांच्या आतही उतरंड असते, हे सत्य पुढे त्यांच्या लेखनाचा एक विषय झाले.

१९५३ साली पदवी घेऊन त्या कॉर्नेल विद्यापीठात गेल्या. तेथे १९५५ साली व्हर्जिनिया वूल्फ व विल्यम फॉकनर यांच्या साहित्यावर प्रबंध लिहून त्यांनी एम. ए. केले. त्यानंतर टेक्सास व हॉवर्ड येथे अध्यापन केले. १९५८ साली हॅरॉल्ड मॉरिसन या जमैकन वास्तुविशारदाशी त्यांचा विवाह झाला. १९६४ साली तो संपुष्टात आला. दोन लहान मुलांची जबाबदारी एकटीवर घेऊन त्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक झाल्या. आरंभी पाठ्यपुस्तके आणि पुढे न्यूयॉर्क येथे ललित साहित्य असे त्यांचे काम होते. अँजेला डेव्हिस व मुहंमद अली यांची आत्मकथने, टोनी केड बंबारा व गेल जोन्स यांचे कथात्म लेखन त्यांच्या हाताखालून वाचकांपर्यंत गेले. १९७४ साली निघालेला ‘द ब्लॅक बुक’ हा ग्रंथ म्हणजे कृष्णवर्णीयांच्या तीन शतकांच्या जीवनाचा जणू एक खतावणीग्रंथच. छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, गुलामांच्या विक्रीचे कागद, गाणी, जाहिराती असे सारे त्यात एकत्र आले. स्वतः लिहीत असतानाच इतरांच्या लेखनाला दार उघडून देणे हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य आम्हास विशेष आदरणीय वाटते.

एका मुलीची प्रार्थना

मुले झोपेत असताना, पहाटेच्या अंधारात उठून त्या लिहीत असत. अशा रीतीने सिद्ध झालेली ‘द ब्लूएस्ट आय’ ही पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. त्यावेळी त्यांचे वय ३९ होते. बालपणी एका मैत्रिणीने, मला निळे डोळे हवे आहेत, असे सांगितले होते. त्या बोलण्याचा चटका या कादंबरीच्या मुळाशी आहे. कादंबरीतील पेकोला ही अकरा वर्षांची काळी मुलगी रोज देवाजवळ निळे डोळे मागते. आपण कुरूप आहोत म्हणून आपल्यावर कोणी प्रेम करीत नाही, अशी तिची खात्री झालेली असते. घरातच तिच्यावर अत्याचार होतो, गाव तिला दूर लोटते आणि अखेर तिचे मन भ्रमिष्ट होते.

या कादंबरीचा आरंभ अभ्यासण्यासारखा आहे. अमेरिकन शाळांतून त्याकाळी शिकविल्या जाणाऱ्या वाचनपाठाच्या धर्तीवरील एक उतारा तेथे आहे. सुंदर घर, हसरी आई, उंच बाबा, खेळणारी मुले असे त्यात वर्णन आहे. तोच उतारा दुसऱ्यांदा येतो तेव्हा विरामचिन्हे नाहीशी झालेली असतात. तिसऱ्यांदा शब्दांमधले अंतरही उरत नाही आणि नुसत्या अक्षरांचा गुंता होतो. पाठ्यपुस्तकातले घर पेकोलाच्या वाट्याला येते तेव्हा त्याचे असे होते. अक्षरओळख करून देणारे पुस्तकच एखाद्या मुलीला, तू या चित्रात नाहीस, असे सांगू शकते. आणि सांगणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

शिक्षक म्हणून आम्ही येथे थबकतो. चित्रकलेच्या तासाला ‘कातडीचा रंग’ द्या म्हटले की आमचीही मुले डब्यातला फिकट गुलाबी खडू उचलतात. वर्गातील एकाही मुलाचा रंग तसा नसतो. हा खडू त्यांच्या हाती कोणी दिला, याचे उत्तर आम्हालाच द्यावे लागेल.

स्मृतीचे साहित्य

‘सुला’ (१९७३) नंतर १९७७ साली आलेल्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ला राष्ट्रीय ग्रंथसमीक्षक मंडळाचे पारितोषिक मिळाले. १९८१ साली ‘टार बेबी’ प्रसिद्ध झाली. १९८३ साली नोकरी सोडून त्यांनी लेखनास वाहून घेतले आणि १९८७ साली ‘बिलव्हड’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी आली.

तिच्यामागे एक सत्य घटना आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकी राज्यातून कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीस पळाली. पकडणारे दाराशी येताच, मुलांना पुन्हा गुलामगिरीत जावे लागू नये म्हणून तिने आपल्या चिमुकल्या मुलीला ठार केले. तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालावा, असा प्रयत्न गुलामगिरीविरोधी वकिलांनी केला. कारण खुनाचा आरोप माणसावर होतो, मालमत्तेवर नव्हे. परंतु पळालेल्या गुलामांविषयीचा १८५० चा कायदा वरचढ ठरला आणि तिला मालकाच्या स्वाधीन करण्यात आले. ‘द ब्लॅक बुक’चे काम करताना या घटनेचे कात्रण मॉरिसन यांच्या हाती आले होते. कादंबरीतील सेथ ही माता गुलामगिरीतून सुटली आहे, पण मारलेल्या मुलीची स्मृती तिच्या घरात सदेह परत येते. त्या मातेला दोषी ठरवावे की व्यवस्थेला, याचा निर्णय लेखिका वाचकाच्या विवेकावर सोपविते.

या कादंबरीला राष्ट्रीय पातळीवरील दोन पारितोषिकांनी डावलले, तेव्हा १९८८ च्या जानेवारीत ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी जाहीर निवेदन काढून खेद व्यक्त केला. त्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९८९ ते २००६ या काळात मॉरिसन यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन केले. १९९३ साली त्यांना नोबेल व २०१२ साली राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. ५ ऑगस्ट २०१९ रोजी न्यूयॉर्क येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. २०१५ सालच्या ‘गॉड हेल्प द चाइल्ड’ या अखेरच्या कादंबरीतही, मुलीच्या गडद रंगामुळे तिला जवळ न घेणारी आई आहे. पहिल्या पुस्तकात विचारलेला प्रश्न त्यांनी ४५ वर्षांनंतरही सोडला नव्हता.

कोणाच्या नजरेने लिहावे?

तुम्ही श्वेतवर्णीयांविषयी केव्हा लिहिणार, असे त्यांना वारंवार विचारले जाई. या प्रश्नातच अपमान दडलेला आहे, असे त्यांचे मत होते. कारण श्वेत लेखकाला उलट प्रश्न कोणी विचारीत नाही. आपल्या माणसांसाठी, आपल्या माणसांच्या बोलीच्या लयीत लिहावे आणि ते साऱ्या जगाने वाचावे, ही त्यांची भूमिका. मराठी वाचकाला ही भूमिका अपरिचित नाही. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत अध्ययन करून परतल्यावर त्यांनी येथील दलित लेखकांचे लक्ष कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. दोन्ही समाजांचा इतिहास वेगळा आहे, तो एकच मानणे चूक ठरेल. परंतु दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे पाहण्याचे नाकारणे, हे दोन्ही साहित्यांचे समान बळ आहे.

मुले काय मागतात?

नोबेल स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात मॉरिसन यांनी एक लोककथा सांगितली. एका शहाण्या, अंध वृद्धेकडे काही तरुण येतात आणि विचारतात, आमच्या हातातला पक्षी जिवंत आहे की मेलेला? बराच वेळ गप्प राहून ती सांगते, ते मला ठाऊक नाही. पण तो तुमच्या हाती आहे. मॉरिसन यांच्या मते हा पक्षी म्हणजे भाषा. ती द्वेषासाठी वापरली तर मरते, जपली तर जगते. बहुतेक ठिकाणी ही कथा येथेच संपविली जाते. मॉरिसन मात्र पुढे जातात. तेच तरुण वृद्धेला जाब विचारतात. कदाचित आमचे हात रिकामेच असतील; मग तुम्ही आम्हाला नुसता उपदेशच करणार काय? तुम्ही जे भोगले, पाहिले, त्याची गोष्ट आम्हाला का सांगत नाही?

हा जाब आम्हा शिक्षकांनाही आहे. घर सोडून वसतिगृहात आलेले मूल आमच्याकडे केवळ अन्न, निवारा आणि गुण मागत नाही. आपल्या आजी-आजोबांची गोष्ट सांगण्याजोगी आहे, आपली बोली लिहिण्याजोगी आहे आणि आपला चेहरा चित्रात काढण्याजोगा आहे, एवढा भरवसा ते मागते. तो आम्ही देऊ शकलो, तर या अभ्यासाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

मननासाठी प्रश्न

१. जहाजाच्या जोडणीवर कोरलेले नाव कोणालाही दिसणार नव्हते. तरीही वडिलांनी ते का कोरले?
२. आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणत्या चित्रात तुम्हाला तुमचे घर दिसते? कोणते घर त्यात मुळीच दिसत नाही?
३. शोषितांमध्येही उच्च-नीच भाव कसा शिरतो? तो दूर करण्यास आपण स्वतःपासून कोणता आरंभ करू शकतो?
४. सुट्टीत घरी गेल्यावर घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस तिच्या बालपणाची एक गोष्ट विचारा आणि ती तिच्याच बोलीत, शब्द न बदलता लिहून आणा.