नवरा-बायकोने एकमेकांशी बोलावे असे काही

तपासून झाल्यावर पेशंट उठतो, दारापर्यंत जातो आणि हळूच मागे वळतो. "डॉक्टर, आणखी एक विचारायचं होतं." असे झाले की मी कंपाउंडरला बाहेर पाठवतो. खरे दुखणे आता कळणार असते.

कोऱ्हाळे परिसरातील एका जोडप्याची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा पंचेचाळिशीचा बागायतदार. वर्षभरापासून तो पडवीत निजू लागला. बायकोला वाटले, याचे बाहेर काहीतरी आहे. ती माहेरी जायला निघाली होती. प्रत्यक्षात त्याच्या इंद्रियाला ताठरता येत नव्हती आणि ते सांगायची लाज वाटत होती. जाहिरात वाचून आणलेल्या 'शक्तीच्या' पुड्यांवर बराच पैसा गेला होता. रक्त तपासले, तर उपाशीपोटी साखर २४०!

मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या व नसा खराब होतात, त्यामुळे ताठरता कमी होते. तंबाखू, दारू, रक्तदाबाची काही औषधे व मनावरचा ताण हीही कारणे असतात. काही वेळा ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. म्हणून ती लपवू नये. मनाने गोळ्याही घेऊ नयेत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

भगिनींचेही तसेच. पाळी गेल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखते. त्यावर साधे उपाय आहेत. पण बाई बोलत नाही आणि नवरा समजतो, हिची माया आटली. दुर्गंधीयुक्त स्राव, खाज, जखम किंवा लघवीची जळजळ असेल तर तपासणी करावी. गुप्तरोग निघाला तर दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यावे. एकट्याने घेतल्यास रोग पुन्हा फिरून येतो. उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा.

हा संकोच जुनाच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. घरात विचारता न येणारे प्रश्न वाचक त्यांना लिहून विचारत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

मग बोलायचे कसे? भांडण चालू असताना नको, अंथरुणातही नको. शेतावरून येताना, चहा घेताना, दोघेच असताना बोला. "तुझ्यात खोट आहे" असे न म्हणता "मला असा त्रास होतोय" असे म्हणा. समोरच्याचे पुरते ऐकून घ्या. जोडीदार "नको" म्हणाला तर जबरदस्ती करू नका. आणि दवाखान्यात शक्यतो दोघे मिळून या. एचआयव्ही व गुप्तरोगांबद्दल नाव न सांगता माहिती हवी असेल, तर १०९७ हा मोफत सरकारी फोन आहे.

त्या बागायतदाराने तंबाखू सोडली, साखर आटोक्यात आणली. सगळे पूर्ववत झाले असे नाही, थोडा फरक पडला. पण पहिल्या भेटीनंतर त्याने बायकोला खरे कारण सांगितले, आणि पडवीतली वळकटी त्याच आठवड्यात घरात आली.