जैवविविधतेचा तक्ता : वाघ-हत्तीऐवजी आपले खाजन

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पर्यावरण दिनासाठी मुलांना भित्तिचित्र करून आणण्यास सांगतात. विषय बहुधा ‘जैवविविधतेचे महत्त्व’ असाच असतो. (२२ मे हा जैवविविधतेचा खास आंतरराष्ट्रीय दिवस, परंतु तो आपल्याकडे सुटीत येतो.) मग घरोघरी धांदल उडते. मूल चार्ट पेपर आणते, वडील मोबाइलवरची चित्रे छापून आणतात, आणि मध्ये पृथ्वीचा गोल, भोवती वाघ, हत्ती, मोर असा तक्ता रात्री दहा वाजता तयार होतो. चोपड्याच्या मुलाचा तक्ता आणि दिल्लीच्या मुलाचा तक्ता यांत काहीच फरक नसेल, तर मुलाला विषय समजला असे आम्ही म्हणणार नाही. वाघ त्याने पाहिलेला नाही. बांधावरची कुर्ली मात्र रोज पाहिली आहे.

शब्द मोठा असला तरी अर्थ सोपा आहे. एका जागी किती तऱ्हेचे जीव राहतात, एकाच जातीचे किती वाण आहेत, आणि ही सारी मंडळी एकमेकांवर कशी अवलंबून आहेत, हे तिन्ही मिळून जैवविविधता. तक्त्यांत पहिला भाग येतो, बाकीचे दोन राहून जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच दोन अधिक कामाचे.

म्हणून पालकांनो, या खेपेस मुलाला शापोरा नदीपासून डोंगरापर्यंतच्या जमिनीचा काप काढायला सांगा. फणस उभा चिरला की आतले गरे दिसतात, तसा. डावीकडे नदी, तिच्या काठची चिपी व कांदळ, मग बांध, बांधात मानस, आत पाण्याची पोंय, त्यापुढे भातशेत, घरे व माड, आणि शेवटी काजूचा डोंगर. ही आपली खाजन शेती. समुद्राच्या भरतीखाली जाणारी जमीन आपल्या पूर्वजांनी माती, चिरे आणि पेंढा यांच्या बांधाने राखली. मानशीचे दार कसे चालते हे मुलाला प्रत्यक्ष नेऊन दाखवावे. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने लाकडी दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून बाहेर पडते. वीज नाही, इंजिन नाही. दाराशी जाळे लावले की सुंगटे, शेवटे, काळुंद्रे मिळतात, कधी चोणकही.

आता भात. तक्त्यावर नुसते ‘भात’ असे लिहू देऊ नका. कोणते भात ते लिहायला लावा. खाजनात पूर्वापार कोरगुट पिकतो. पावसाआधी मातीचे ढीग करून ठेवायचे, पहिल्या सरींनी त्यांतले मीठ धुऊन जायचे, मग पेरणी. कोरगुट उंच वाढतो, थोडे खारे पाणी सोसतो, पुरात काही दिवस उभा राहतो. ज्योती, जया हे वाण चांगल्या जमिनीत जास्त पिकतात हे खरे. परंतु बांधाला भगदाड पडून खारे पाणी शिरले तर ते टिकत नाहीत. म्हणूनच जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने खाऱ्या जमिनीसाठी वाण हवे होते तेव्हा कोरगुटातूनच निवड केली, आणि ‘गोवा धान-१’ व ‘गोवा धान-२’ तयार झाले. शेतकऱ्यांनी कोरगुटाचे बी राखले नसते तर निवड कशातून करणार?

हीच गोष्ट मोठ्या जगातही घडली आहे. १९७० च्या सुमारास आशियातील नव्या भातवाणांवर एक विषाणुरोग आला, त्याने रोप गवतासारखे खुजे राहत असे. फिलिपाइन्समधील संशोधकांनी भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभातात, ज्याला कोणी शेतात ठेवूनही घेतले नसते. त्याच्या संकरातून झालेला ‘आयआर ३६’ हा वाण १९७६ साली आला व लाखो हेक्टरांवर पसरला. एवढी गोष्ट मुलाला माहीत असली, तर बाईंनी ‘महत्त्व काय?’ असे विचारल्यावर ते गप्प बसणार नाही.

आरोग्याचीही बाजू तक्त्यात यावी. भातखाचरांत डोक्यावर चकचकीत ठिपका असलेले बारीक मासे असतात, ते डासांच्या अळ्या खातात. बेडूक पिकावरचे किडे खातात. पहिल्या पावसात पेट्रोमॅक्स घेऊन बेडूक धरायला जाण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास बंदी आहे, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यातही भारताने १९८७ साली बंद केली. पण कायद्यापेक्षा शेतकऱ्याला हिशेब लवकर पटावा. बेडूक संपले तर कीटकनाशकाची बाटली आणावी लागते, आणि ते विष खाचरातले मासेही मारते. तक्त्यावर हे बाणांनी दाखवावे : अळी, मासा, खंड्या, किडा, बेडूक, साप. बाण नसलेला तक्ता म्हणजे नुसता प्राण्यांचा आल्बम.

खारफुटीबाबत मात्र घोषणा नको. ‘खारफुटी वाचवा’ असे मूल लिहील, आणि वडील म्हणतील, ती आमच्या शेतात घुसली आहे. दोघांचेही खरे आहे. बांधाच्या बाहेर उभी असलेली चिपी लाटांचा मार स्वतःवर घेते व तिच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात. तीच झाडे बांधाच्या आत दिसू लागली तर समजावे की बांध फुटला आहे किंवा शेत पडीक आहे. मानशीची पावणी घेणाऱ्याला मासळी हवी म्हणून तो भरतीचे पाणी आत घेऊ पाहतो, शेतकऱ्याला ते नको असते. हा तंटा काही गावांत जुनाच आहे. मुलाने दोन्ही बाजूंना झाडे काढून खाली कारण लिहावे. परीक्षकांना ते आवडो न आवडो.

मोरजीचे कासव सर्व मुले काढतात, जरूर काढावे. टेंबच्या किनाऱ्यावर वनखाते १९९७ पासून घरटी राखते. फक्त किनाऱ्यावरचे दिवेही काढावेत, कारण अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाकडे जातात व समुद्राची वाट चुकतात.

कामाच्या दोन-चार गोष्टी. अक्षरे दहा पावलांवरून वाचता यावीत. मजकूर थोडा, नावे आपल्या बोलीतली. भाताची खरी लोंबी लावायची तर डिंक वापरू नये, पावसाळ्यात बुरशी धरते, सुईदोऱ्याने टाचावी. चित्र वाकडे आले तरी वडिलांनी हात लावू नये.

वडीलधाऱ्यांनी मदत करायची ती नावांची. आजोबांना विचारावे : लहानपणी खाजनात कोणकोणते भात होते? पोंयीत कोणते मासे? आजीला विचारावे, पावसाळ्यात तायकिळ्याखेरीज कोणत्या रानभाज्या आणत असत? जी नावे आजोबा सांगतील पण दाखवू शकणार नाहीत, ती मुलाने तक्त्याच्या खाली वेगळ्या रंगात लिहावीत. चौकट भरून जाईल असे आम्हांला वाटते, आणि तो भाग सर्वांत मोलाचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीने समिती नेमून अशीच लोकनोंदवही ठेवायची असते. शाळेतून तक्ता परत आला की त्या यादीची एक प्रत स्वच्छ अक्षरात काढावी, नाव सांगणाऱ्याचे वय व वाडा लिहावा, आणि ती पंचायतीत नेऊन द्यावी.