वर्धनगड ते मच्छिंद्रगड : लाव्हाच्या धारेवर चालायला किती खर्च येतो?

ज्वालामुखीच्या खडकावरून, दोन्ही अंगांना दऱ्या बघत, गर्दीवाचून चालायचं असेल तर विमानाचं तिकीट काढावं लागत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले. ज्या तप्त बिंदूतून तो उसळला, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटावरच्या डोंगरवाटा तुडवायला लांबलांबून लोक जातात. त्याच उगमाचा काळा पाषाण सातारा-सांगलीकरांच्या दाराशी आहे.

महादेव डोंगररांगेतून खटाव तालुक्यातल्या मोळजवळ एक फाटा दक्षिणेकडे सुटतो आणि वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी विसावतो. उत्तरेला वर्धनगड, मधे कऱ्हाडचा सदाशिवगड, दक्षिण टोकाला मच्छिंद्रगड. तिन्ही गड शिवकालीन आहेत आणि तिन्ही ठिकाणी प्रवेशशुल्क नाही. खर्च होतो तो प्रवासावर, पोटावर आणि वाटाड्यावर. खालचे आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत, निघण्यापूर्वी चालू दर विचारून घ्या.

वर्धनगड : साताऱ्याहून एक दिवस

साताऱ्याहून कोरेगावमार्गे पुसेगावकडे जाणारी एसटी पायथ्याच्या वर्धनगड गावात सोडते. अंतर सुमारे ३० किलोमीटर. गावातून अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठता येतो. वर वर्धनीमातेचं मंदिर आहे आणि तटावरून धार दक्षिणेकडे कशी उतरत गेली आहे ते नीट दिसतं.

- साध्या एसटीने जाऊन-येऊन : १२० रुपये धरा. मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवा.
- दुचाकीने दोघे : ६० किलोमीटरला दीड लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तर साधारण १६० रुपये, म्हणजे माणशी ८०.
- मोटारीने : चार लिटर, ४२० रुपये. चौघे असाल तर माणशी १०५ रुपये पडतात, जवळपास एसटीएवढेच. दोघांनीच मोटार काढली तर माणशी खर्च दुप्पट.
- चहा-नाश्ता आणि जेवण : १८० ते २०० रुपये.

एकूण माणशी ३०० ते ३२० रुपयांत दिवस पार पडतो.

सदाशिवगड : अर्ध्या दिवसाचा सराव

कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे आणि गडाची पायऱ्यांची वाट तिथून जवळच्या हजारमाचीतून चढते. कऱ्हाडची कितीतरी मंडळी पहाटे हा गड चढतात, त्यामुळे पहिल्यांदा चढणाऱ्याला सोबतीची चिंता नाही. शांतता हवी असेल तर मात्र सुट्टीची सकाळ टाळा. शहरातून रिक्षा केलीत तर परतीसह भाडं आधीच ठरवून घ्या. नाश्ता धरून माणशी १५० रुपये पुरतात.

मच्छिंद्रगड : सांगलीकरांसाठी

पुणे-मिरज मार्गावरचं भवानीनगर स्टेशन या गडाला जवळचं. पॅसेंजरचं तिकीट २० रुपयांच्या आसपास, पण गाड्या मोजक्याच. परतीची वेळ पाहूनच निघा. स्टेशनवरून पायथ्यापर्यंत वडाप मिळालं तर ठीक, नाहीतर रिक्षा ठरवावी लागते. त्यासाठी २०० रुपये वेगळे ठेवा. वर मच्छिंद्रनाथांचं मंदिर आहे. जेवणासह माणशी ३५० ते ४०० रुपये.

धारेवरून लांब चालायचं असेल तर

गडांच्या मधल्या धारेवर खुणा केलेली वाट नाही. गुराख्यांच्या पायवाटा फुटत जातात आणि गवत वाढलं की दिसेनाशा होतात. इथे गावातला वाटाड्या घ्याच. त्याला शेतातल्या पूर्ण दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नका. ७०० ते ८०० रुपये आणि दुपारचं जेवण हा रास्त मोबदला आहे. चौघांत वाटले तर माणशी २०० रुपये. या पैशात काटकसर करू नये, कारण वाट चुकली की पाणी आधी संपतं.

वासोट्याशी तुलना

सातारा जिल्ह्यातली सर्वांत देखणी रानवाट वासोट्याची, यात वाद नाही. पण तो गड सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याची परवानगी, शुल्क आणि बामणोलीहून शिवसागर जलाशयातून नाव हे सगळं आलंच. नावेचं भाडं माणशी नसून नावेमागे असतं. समजा ते ५,००० रुपये ठरलं, तर दहा जणांत माणशी ५०० आणि चौघांत १,२५०. सुट्टीला सोबती मिळतात पण गर्दी असते. आडवारी शांतता मिळते, पण नावेचं सगळं भाडं एकट्याच्या अंगावर पडतं. वर्धनगडाच्या धारेवर शांततेसाठी असे वेगळे पैसे पडत नाहीत, आणि तिची खरी श्रीमंती हीच आहे.

सामान आणि काळजी

पहिल्याच फेरीला महागडे बूट घेऊ नका. तळाला खोल खाचा असलेले, पायात मुरलेले बूट पुरेत. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, बॅटरी, ओआरएसच्या पुड्या (एक साधारण २५ रुपयांना) आणि काठी घ्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतर काळा खडक तापतो आणि सावली नसते, तेव्हा नऊच्या आत माथा गाठावा. वाळल्या गवतात काडी ओढू नका. पायथ्याशी आणि घरी सांगून निघा, १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे हे लक्षात ठेवा आणि सुट्ट्या नोटा खिशात ठेवा.

चारशे रुपये असतील तर वर्धनगडापासून सुरुवात करा. घरून डबा नेला तर पैसे नक्की वाचतात, पण चहा आणि एक जेवण तरी पायथ्याच्या गावात घ्या. तिकीट नसलेल्या या गडांची वाट त्या गावांच्याच वावराने खुली राहिली आहे, आणि आपल्या दिवसाच्या खर्चातले शंभर रुपये तिथेच पोहोचले पाहिजेत.