जहाज जाईल त्या बंदरात

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक वयस्कर नाखवा आहेत. संध्याकाळी त्यांच्या पडवीत अधूनमधून कुणीतरी कागदांची पिशवी घेऊन येते. कुणाची बोट जहाजाने ठोकरलेली असते, कुणाची जाळी फाडून नेलेली असतात. नाखवा वकील नाहीत, पण एका दाव्याने त्यांना जे शिकवले ते ते येणाऱ्याला सांगतात. काही वर्षांपूर्वी रात्री मासेमारी चालू असताना एका मालवाहू जहाजाने त्यांच्या ट्रॉलरला धडक दिली. जवळच्या बोटीने उचलले म्हणून खलाशी वाचले, ट्रॉलर मात्र जाळ्यांसकट बुडाला. ट्रॉलरचे दिवे चालू होते आणि तांडेलाने जहाजाचे नावही वाचले होते, त्यामुळे चूक कुणाची याचा फारसा वाद नव्हता. तरीही नाखवांच्या हाती काही लागले नाही, कारण दावा भलत्याच कोर्टात दाखल झाला होता.

ओळखीतल्या एका भल्या माणसाने सुचवले होते की मुंबईला कशाला खेपा घालता, इथल्याच दिवाणी न्यायालयात दावा लावा. तसा तो लावला. तारखा पडत राहिल्या आणि शेवटी ‘हे प्रकरण या न्यायालयाच्या अधिकारात येत नाही’ असे सांगून वादपत्र परत करण्यात आले. तोवर वर्ष उलटून गेले होते. मग मुंबईत चौकशी केली तेव्हा कळले की जहाज विकले गेले आहे. मालक, नाव आणि झेंडा, तिन्ही बदलले होते.

“चूक कुणाची, चूक कुणाची, एवढंच मी सगळ्यांना विचारत बसलो,” नाखवा सांगतात. “ते जहाज आता कुठं चाललंय, हे पहिल्या दिवशी कुणी विचारलंच नाही.”

भारतात असे दावे 2017 च्या अॅडमिरल्टी कायद्याखाली येतात. 1 एप्रिल 2018 पासून तो लागू आहे, आणि त्याने 1840, 1861 आणि 1890 चे ब्रिटिशकालीन कायदे मोडीत काढले. जहाजांविषयीचे दावे ऐकण्याचा अधिकार त्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास, गुजरात, कर्नाटक, केरळ, ओरिसा आणि तेव्हाचे हैदराबाद अशा आठ उच्च न्यायालयांना दिला. या दाव्यांची खासियत अशी की दावा खुद्द जहाजावरच लावता येतो. न्यायालय जहाजाला अटक करते. मुंबईत ते वॉरंट शेरीफमार्फत बजावले जाते. जहाज अडकून पडले की मालकाचे रोज नुकसान होते, म्हणून तो बँक गॅरंटी किंवा विमा क्लबचे हमीपत्र देऊन ते सोडवून घेतो. त्यानंतर खटला कितीही वर्षे चालला तरी भरपाईची रक्कम कुठून येणार ते ठरलेले असते.

मुख्य अट अशी: अटकेच्या वेळी जहाज त्या उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या पाण्यात असायला हवे. म्हणजे धडक रत्नागिरीसमोर झाली आणि जहाज मुंद्र्याला गेले, तर रस्ता अहमदाबादचा. कोचीला गेले तर केरळ उच्च न्यायालय, न्हावाशेवा किंवा मुरगावला लागले तर मुंबई उच्च न्यायालय. फिर्यादीचे घर कुठे आहे याला इथे किंमत नाही. गोव्यातल्या एका कंपनीने हे फार पूर्वी ओळखले होते. 1984 मध्ये ‘एलिझाबेथ’ नावाचे परदेशी जहाज तिचा माल घेऊन, पण मालाची कागदपत्रे न देताच मुरगावहून निघून गेले. पुढे ते विशाखापट्टणमला लागले तेव्हा कंपनीने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून त्याला अटक करवली. या न्यायालयाला असा अधिकारच नाही, हा मालकांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये फेटाळला. तो वाद मालाचा होता, धडकेचा नव्हता, पण त्या निकालाचा आधार पुढच्या असंख्य दाव्यांना मिळाला.

वर्षाची मुदत हा नाखवांच्या प्रकरणातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग. जहाजाच्या चालवण्यातून दुसऱ्याचे नुकसान झाले तर कायदा त्या नुकसानीचा बोजा जहाजावरच चढवतो. जहाज विकले, झेंडा बदलला, तरी बोजा उतरत नाही. मात्र हे संरक्षण एकच वर्ष टिकते. त्या वर्षात जहाजाला अटक झाली नाही तर बोजा संपतो, आणि मग अटक करायची तर जहाज त्याच जुन्या मालकाचे असावे लागते. नाखवांच्या बाबतीत दोन्ही दारे बंद झाली. म्हणून आता ते आलेल्याला आधी आयएमओ क्रमांक विचारतात. सात आकड्यांचा हा क्रमांक जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. नाव पुसले तरी त्यावरून जहाज सापडते, आणि त्याच मालकाची आणखी जहाजे कोणती हेही शोधता येते. धडक देणारे जहाज भारतात फिरकलेच नाही, पण मालकाचे दुसरे एखादे इथल्या बंदरात आले, तर कायदा त्यालाही अडवू देतो.

पोलीस तक्रारीवर विसंबून राहण्याची चूकही किनाऱ्यावर सर्रास होते. तक्रार नोंदवलीच पाहिजे, तो पुरावा आहे. पण कॅप्टनवरचा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा यांच्या वाटा वेगळ्या आहेत. 1926 मध्ये ‘लोटस’ हे फ्रेंच जहाज तुर्की ‘बोझ-कुर्त’वर आदळले आणि आठ तुर्की माणसे मेली. फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला चालवण्याचा तुर्कस्तानचा अधिकार हेगच्या तेव्हाच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1927 मध्ये मान्य केला, तोही मते समसमान पडल्यावर अध्यक्षांच्या निर्णायक मताने. जहाजवाल्या देशांना तो निकाल पचला नाही. आता संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार खुल्या समुद्रातल्या टकरीबद्दल कॅप्टनवर खटला भरण्याचा अधिकार जहाजाच्या झेंड्याच्या देशाला किंवा कॅप्टनच्या स्वतःच्या देशाला आहे.

हा गुंता मच्छीमारांच्या किती जवळचा आहे ते 13 एप्रिल 2021 ला दिसले. केरळातल्या बेपूरची ‘रबाह’ ही बोट मंगळुरूसमोर ‘एपीएल ल हाव्र’ या सिंगापूरच्या कंटेनर जहाजाशी धडकली. बोटीवर 14 जण होते, तमिळनाडूचे आणि पश्चिम बंगालचे. दोघे वाचले. जागा किनाऱ्यापासून सुमारे 43 सागरी मैलांवर होती आणि आपली प्रादेशिक हद्द 12 मैलांवर संपते. अशा घटनेत प्रत्येक कुटुंब आपापल्या गावातल्या कचेरीत धावत सुटले तर कुणाच्याच हाती काही लागणार नाही.

जहाज अडवता येत नसेल तर मालकावर व्यक्तिशः दावा करता येतो, पण धडकेच्या बाबतीत त्याला कडक अटी आहेत. दाव्याचे कारण, निदान अंशतः, भारतात घडलेले असावे किंवा प्रतिवादी भारतात राहत वा व्यवसाय करत असावा. याच अपघाताबद्दल त्याच प्रतिवादीवर तुम्ही आधी परदेशात दावा लावला असेल, तर तो संपल्याशिवाय किंवा मागे घेतल्याशिवाय इथले उच्च न्यायालय तुमचे ऐकणार नाही. दोन्हीकडे दावे टाकून ठेवू, जिथे लवकर निकाल लागेल ते खरे, हा सल्ला म्हणूनच घातक आहे. 1982 मध्ये बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत ‘अबिदिन दावेर’ हे तुर्की आणि ‘लास मर्सेडिस’ हे क्यूबाचे जहाज एकमेकांवर आदळले. तुर्की मालकांनी तुर्कस्तानात दावा लावलेला असताना क्यूबाच्या मालकांनी इंग्लंडमध्ये दुसरा सुरू केला. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1984 मध्ये तो थांबवून त्यांना तुर्की न्यायालयाची वाट दाखवली.

मोठ्या कंपन्या कोर्ट निवडण्यासाठी एवढा आटापिटा करतात, कारण भरपाईची कमाल मर्यादा देशागणिक बदलते. ‘टायटॅनिक’च्या मालकांनी अमेरिकेत अर्ज करून आपली जबाबदारी साधारण 92,000 डॉलरपर्यंत मर्यादित करण्याची मागणी केली, इंग्लंडमध्ये हीच मर्यादा कित्येक पट मोठी ठरली असती. 1914 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकी कायद्याचा आधार घेण्याची त्यांना मुभा दिली. अगदी अलीकडे, 2018 मध्ये पूर्व चीन समुद्रात ‘सांची’ टँकर आणि ‘सीएफ क्रिस्टल’ यांच्या टकरीत 32 खलाशी गेले. तिथेही हाँगकाँग की शांघाय यावरच मालकांची झुंज झाली, आणि हाँगकाँगच्या न्यायालयाने आपल्याकडचा दावा थांबवायला नकार दिला.

नाखवांच्या पडवीत येणाऱ्याला एवढा इतिहास ऐकावा लागत नाही. त्याला सांगितले जाते की जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक आणि वेळ त्याच रात्री लिहून ठेव, तांडेल-खलाशांचे जबाब विसरायच्या आत घे, पुढचे बंदर शोध, आणि त्या बंदरावर ज्या उच्च न्यायालयाचा अधिकार चालतो तिथला सागरी दावे चालवणारा वकील गाठ. वकिलाला हेही आधीच विचार, की अटक चुकीची ठरली तर नुकसान भरून देण्याची हमी आपल्याला किती महागात पडेल, कारण तशी हमी न्यायालय फिर्यादीकडून घेऊ शकते.

आणि कंपनीचा माणूस दहा-वीस हजार रुपये घेऊन लगेच दारात आला, तर त्याच्या कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचून घ्यायचा. वाद कुठल्या देशाच्या न्यायालयात चालवायचा ते दोन्ही पक्ष लिहून ठरवू शकतात. एखाद्या ओळीत लंडन किंवा सिंगापूर लिहिलेले असेल, तर रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या मच्छीमाराला पुढचे भांडण तिथे जाऊन लढावे लागेल.