खिडकी मिटली, प्रोग्राम चालूच

खिडक्या, बटणे आणि मेनू असलेला प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा चालून आपोआप संपत नाही. वापरणाऱ्याच्या प्रत्येक क्लिकची वाट पाहत तो एका अखंड फेऱ्यात राहतो, आणि या फेऱ्याला इव्हेंट लूप असे म्हणतात. म्हणूनच तो कोडमधून बंद करताना पार्श्वभूमीत चाललेली कामे आवरणे, डेटाबेसची जोडणी सोडणे आणि त्यानंतरच हा फेरा थांबू देणे, असा क्रम पाळावा लागतो.

देगलूर हे नांदेड-हैदराबाद रस्त्यावरचे, तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव असून तेथील मोंढ्यातल्या एखाद्या आडत दुकानासाठी हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढणारा छोटा प्रोग्राम जावा भाषेत, स्विंग या खिडक्या रचणाऱ्या संचाच्या आधारे लिहिला आहे असे धरले, तर नवख्या प्रोग्रामरची पहिली फसगत कोठे होते ते स्पष्ट होते. स्विंगमधील जे-फ्रेम या मुख्य खिडकीच्या फुलीवर क्लिक केल्यास, वेगळे काही सांगितले नसेल तर, ती खिडकी फक्त लपते. मुनीम दुकान आवरतो, संगणक मात्र चालूच राहतो. सकाळी प्रोग्राम पुन्हा उघडून पट्टी जतन करू लागल्यावर, आदल्या दिवशीच्या लपलेल्या प्रतीने एसक्यूलाइट या डेटाबेसमधील व्यवहार अर्धवट धरून ठेवला असेल, तर डेटाबेस कुलूपबंद असल्याची सूचना येते. टास्क मॅनेजरमध्ये जावाडब्ल्यू हे नाव तेव्हा दोनदा दिसते.

यावर सर्रास सुचवला जाणारा तोडगा म्हणजे सिस्टिम डॉट एक्झिट ही आज्ञा, आणि तो पहिल्या चुकीहून अधिक महागात पडतो. ही आज्ञा प्रोग्राम खरोखरच संपवते, परंतु काहीही झाले तरी चालावा या भरवशावर लिहिलेला फायनली हा भाग तिच्यामुळे वगळला जातो. व्यवहार पक्का करण्याची, म्हणजे कमिटची, ओळ तेथेच असेल तर शेवटची पट्टी डेटाबेसमध्ये उरत नाही आणि तसे कोणी कळवतही नाही.

योग्य मार्ग थोडा लांबचा आहे. फुलीचे आपोआप घडणारे काम बंद करून विंडो-क्लोझिंग ही घटना प्रोग्रामने स्वतः हाताळावी, आणि मेनूतील ‘बाहेर पडा’ या पर्यायानेही तीच घटना पाठवावी, म्हणजे निघण्याच्या दोन वाटा होत नाहीत. त्या एका ठिकाणी अपूर्ण पट्टीविषयी विचारणा करावी, कार्यथ्रेडना, अर्थात पार्श्वभूमीत काम करणाऱ्या थ्रेडना, थांबण्याचा निरोप द्यावा, जोडणी सोडावी आणि अखेरीस प्रत्येक खिडकीवर डिस्पोज ही आज्ञा चालवावी. येथे एक बारीक सापळा आहे, ज्याकडे पाठ्यपुस्तके फारशी वळत नाहीत. विंडो-क्लोझिंगचा कोड इव्हेंट लूपच्याच थ्रेडवर चालतो. तो कार्यथ्रेड संपण्याची वाट पाहत उभा राहिला आणि कार्यथ्रेड पडद्यावरचे आकडे बदलण्यासाठी इन्व्होक-अँड-वेट या आज्ञेद्वारे त्याच लूपची वाट पाहू लागला, तर दोघेही एकमेकांसाठी अडून बसतात आणि खिडकी गोठते. म्हणून ही प्रतीक्षा स्विंग-वर्करसारख्या वेगळ्या थ्रेडवर, ठरावीक मुदतीपुरतीच करावी.

शेवटची खिडकी डिस्पोज झाल्यावरही प्रोग्राम संपत नसेल, तर कोठेतरी डीमन नसलेला, म्हणजे जावाला जिवंत ठेवणारा, थ्रेड उरलेला असतो. जावा-युटिल संचातील टायमर आणि एक्झिक्युटर हे मूळ स्वरूपात असेच थ्रेड निर्माण करतात. अशा वेळी एक्झिटचा आधार घेण्यापेक्षा तो थ्रेड शोधणे श्रेयस्कर, कारण तो अजून नेमके काय करत आहे हेच प्रोग्रामरला ठाऊक नसते.

विंडोज बंद होताना जावा शटडाउन हुक नावाचा निरोपाचा कोड चालवू शकते, मात्र त्यात संवादखिडकी उघडू नये आणि एक्झिट तर मुळीच लिहू नये, कारण हुकमधून दिलेली ती आज्ञा कायमची अडकून पडते. लाईट अचानक गेली तर हुकही चालत नाही; तेव्हा प्रत्येक पट्टी छपाईला जाण्यापूर्वीच कमिट झालेली असली, तर एसक्यूलाइट पुढच्या वेळी उघडताना फक्त अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेते आणि आधीच्या सर्व पट्ट्या जशाच्या तशा मिळतात.