परशुराम घाट दुपारी बंद का ठेवला होता? : रस्त्याच्या कामावरचा एक पाठ



रस्त्याचं काम हा विषय आपल्याकडे निबंधात नेहमी येतो. मुलं काय लिहितात ते आपल्याला पाठ आहे. रस्ता म्हणजे विकास, वेळ वाचतो, इंधन वाचतं, फक्त झाडं तोडली जातात आणि धूळ उडते. पाच फायदे, पाच तोटे, शेवटी एक वाक्य उपसंहाराचं. गुणही मिळतात. पण ज्या मुलाची एसटी रोज त्याच रस्त्यावर अर्धा तास अडकते, त्याला या निबंधातून नवीन काय कळतं? खरं सांगायचं तर काहीच नाही.

मी हा पाठ आठवी-नववीच्या वर्गात घेतला, तेव्हा सुरुवात एका प्रश्नाने केली. मुंबई-गोवा महामार्गावरचा चिपळूणजवळचा परशुराम घाट एप्रिल-मे २०२२ मध्ये महिनाभर रोज दुपारी १२ ते ५ वाहतुकीला बंद ठेवला होता. रस्ता मोठा करायचा आणि त्यासाठी रस्ताच बंद करायचा, असं का? आणि दुपारीच का?

पहिली उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. "सर, कामगारांना वेळ मिळावा म्हणून." "सर, उन्हात गाड्या गरम होतात." एकजण म्हणाला, "माझे पप्पा म्हणतात, हे काम कधी पूर्णच होणार नाही." वर्ग हसला. मी त्यांना म्हटलं, पप्पांचा राग खरा आहे, पण राग म्हणजे उत्तर नाही. आज आपण उत्तर शोधू.

आधी थोडी माहिती

हा महामार्ग पनवेलपासून सुरू होऊन कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ करत कन्याकुमारीपर्यंत जातो. लांबी सुमारे १६०० किलोमीटर. जुना क्रमांक १७, आताचा ६६. मोठ्या माणसांच्या तोंडी अजून "सतरा नंबर"च आहे. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती मुदती दिल्या आणि किती टळल्या, हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचारा. दर गणपतीला चाकरमानी गावी येतात आणि दर गणपतीला हा विषय निघतो.

या रस्त्यावरचे दोन घाट आपल्या पाठासाठी घ्यायचे. एक कशेडी, रायगडमधलं पोलादपूर आणि रत्नागिरीतलं खेड यांच्या मधला. दुसरा परशुराम, खेडहून लोटे ओलांडलं की चिपळूणला उतरवणारा. एकाच महामार्गावरचे शेजारी-शेजारी घाट, पण काम करायची पद्धत अगदी वेगळी. फळ्यावर दोन रकाने करून ही तुलना घ्या.

डोंगर पोखरायचा की कापायचा?

कशेडीला डोंगर पोखरला. जाण्याचा एक आणि येण्याचा एक असे जवळजवळ दोन-दोन किलोमीटरचे जोड बोगदे काढले. जुना घाट चढून उतरायला साधारण पाऊण तास लागायचा, तिथे बोगद्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर पहिला बोगदा खुला केला, तोही सुरुवातीला फक्त हलक्या वाहनांना, कोकणाकडे येणाऱ्या.

परशुरामला डोंगर कापला. आहे त्याच रस्त्याची डोंगराकडची बाजू तोडून तो रुंद केला.

आता मुलांना विचारा, काम चालू असताना कुठे जास्त खोळंबा होईल? थोडं थांबा. उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. बोगद्याचं काम डोंगराच्या पोटात चालतं. वरचा जुना घाट तोपर्यंत चालू राहतो. रुंदीकरणात मात्र ज्या रस्त्यावरून गाड्या जातात, त्याच रस्त्यावर पोकलेन, डंपर आणि ब्रेकर उभे असतात. एकच जागा कामाचीही आणि प्रवासाचीही. वर डोंगर फोडायचा आणि खालून एसटी जाऊ द्यायची, हे एकाच वेळी करता येत नाही. एक दगड सुटला तरी पुरे.

म्हणून वेळ वाटून घेतली. सकाळ-संध्याकाळ प्रवाशांची, दुपार यंत्रांची. काम दिवसाउजेडीच हवं, कारण वरून काय सरकतंय ते दिसलं पाहिजे. आणि एप्रिल-मे का? तर जूनमध्ये पाऊस लागतो. चिपळूण भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अर्धवट कापलेला डोंगर त्या पावसाच्या ताब्यात द्यायचा नसेल, तर उन्हाळ्यातच काम उरकावं लागतं. पण उन्हाळा म्हणजे शाळेच्या सुट्ट्या, लग्नसराई आणि आंबा. म्हणजे गाड्या सर्वांत जास्त तेव्हाच. ही ओढाताण मुलांच्या लक्षात आली की प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं.

गणित १ : घाट पाच वाजता उघडला, मग गर्दी सात वाजेपर्यंत का?

आकडे आपण हिशोबापुरते मानलेले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा.

एका बाजूने दर मिनिटाला ३ गाड्या येतात असं समजा. दुपारी १२ ते ५ म्हणजे ३०० मिनिटं. सगळ्या थांबून राहिल्या तर रांगेत ९०० गाड्या. पाच वाजता घाट उघडला. आता मिनिटाला १० गाड्या सुटतात, पण मागून ३ येतच आहेत. म्हणजे रांग मिनिटाला ७ नेच कमी होते. ९०० भागिले ७, साधारण १२९ मिनिटं. सात वाजून गेले!

मुलं इथे चमकतात. "सर, म्हणजे उघडला तरी दोन तास बंदच." प्रत्यक्षात सगळे रांगेत थांबत नाहीत. कुणी वेळ बघून निघतं, कुणी चिरणी-आंबडसच्या आडमार्गाने जातं. मग पुढचा प्रश्न विचारा. त्या आडमार्गावरच्या गावांचं काय? बैलगाडी, शाळकरी मुलं आणि म्हशी यांच्यासाठी असलेल्या अरुंद रस्त्यावर अचानक महामार्गाच्या गाड्या आल्या. महामार्गावरचा खोळंबा संपत नाही, तो शेजारच्या रस्त्यावर सरकतो.

गणित २ : ९५ टक्के काम झालं, तरी प्रवास का सुधारत नाही?

या पाठातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बातमीत "९५ टक्के काम पूर्ण" असं आपण वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच अडकतो. मग कुणीतरी खोटं बोलतंय असं वाटतं. नेहमीच तसं नसतं. हे बघा.

१०० किलोमीटरचा रस्ता घ्या.

* काम सुरू होण्यापूर्वी वेग ताशी ४० किलोमीटर. वेळ १५० मिनिटं.
* सगळं काम झाल्यावर वेग ताशी ६०. वेळ १०० मिनिटं. म्हणजे ५० मिनिटं वाचणार.
* आता ९५ किलोमीटर झाले, घाटातले ५ राहिले. ९५ किलोमीटरला ९५ मिनिटं. उरलेल्या ५ किलोमीटरवर एकेरी वाहतूक, वेग ताशी १०, म्हणजे ३० मिनिटं. एकूण १२५.

५० मिनिटं वाचायला हवी होती, वाचली २५. पाच टक्के रस्त्याने निम्मा फायदा खाल्ला. आणि हे पाच टक्के बहुतेक वेळा घाटातले किंवा पुलाचे असतात, कारण सोपं काम आधी होतं, अवघड मागे राहतं.

म्हणून मुलांना एक सवय लावा. "किती टक्के झालं?" एवढंच विचारून थांबू नका. "कुठलं राहिलं?" हेही विचारा. ही सवय रस्त्यापुरती नाही. अभ्यास ९५ टक्के झाला म्हणणाऱ्या मुलालाही हाच प्रश्न लागू पडतो.

प्रयोग : दरड का येते?

साहित्य : एक फरशी किंवा पत्र्याचा तुकडा, ओली लाल माती, पट्टी, पाण्याची झारी, थोडे खडे, मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा.

फरशी तिरकी ठेवा. तिच्यावर तीन-चार बोटं जाड मातीचा थर दाबून बसवा. फरशी म्हणजे खालचा कातळ, माती म्हणजे वरचा जांभा आणि झिजलेला खडक. आता पट्टीने खालच्या टोकाची माती उभी कापा. झाला आपला रुंद रस्ता. मग वरून झारीने हळूहळू पाणी सोडा. पाणी मातीत मुरतं, फरशीपाशी अडतं, तिथे घसरण तयार होते आणि वरचा थर खाली येतो, कारण त्याला खालून धरून ठेवणारा पाया आपणच कापला.

आता दुसरी फरशी घ्या. या वेळी माती पायऱ्या-पायऱ्यांनी कापा. सर्वांत वर पाणी बाजूला नेणारा चर काढा. पायथ्याशी कापडात खडे भरून बांधलेली पुरचुंडी ठेवा. घाटात तारेच्या जाळीत दगड भरून रचलेली जी भिंत दिसते, ती हीच. तिला गॅबियन भिंत म्हणतात. दगडांच्या फटींतून पाणी निघून जातं, म्हणून तिच्यामागे दाब साठत नाही. पुन्हा तेवढंच पाणी सोडा आणि फरक मुलांनाच सांगू द्या.

यातून मुलांना कळतं की डोंगर कापणं हे काम दोन महिन्यांचं असेल, पण कापलेला डोंगर सांभाळणं हे त्याहून मोठं काम आहे. रस्ता दिसतो, चर दिसत नाही. उद्घाटन रस्त्याचं होतं, चराचं कुणी करत नाही.

आणि मग एक मुलगी बोलली

प्रयोग झाल्यावर मी विचारलं, "घाटाचं काम लवकर व्हावं की नीट व्हावं?" बहुतेकांनी लवकर म्हटलं. वर्गात घाटाखालच्या वाडीतली एक मुलगी होती. ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "सर, जोराचा पाऊस लागला की आई आम्हाला मागच्या खोलीत झोपू देत नाही. मागे डोंगर आहे ना."

वर्ग गप्प झाला. मीही.

त्या दिवसापर्यंत मी हा पाठ वेळेचा हिशोब म्हणूनच शिकवत होतो. किती मिनिटं गेली, किती वाचली. पण घाटातून जाणाऱ्याची मिनिटं जातात आणि घाटाखाली राहणाऱ्याची झोप जाते. परशुराम घाटाच्या पायथ्याला पेढे गाव आहे. वर रस्ता, खाली घरं. घाट बंद ठेवताना गाड्यांइतकाच त्या घरांचाही विचार करावा लागतो. दुपारी पाच तास थांबलेल्या आपल्याला हे दिसत नाही, कारण आपण रस्त्याकडे बघत असतो, खाली नाही.

एक सूचना. तुमच्या वर्गात दरडीत किंवा पुरात घर गेलेली मुलं असतील, तर हा भाग जपून घ्या. जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर आणि महाडमधल्या तळियेची दरड ही आपल्या भागातल्या कित्येक मुलांची स्वतःची आठवण आहे. कुणालाही बोलायला भाग पाडू नका. बोललं, तर मध्येच तोडू नका.

घरचा अभ्यास

१. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : पूर्वी मुंबईला जायला किती वेळ लागायचा, कसे जायचे, घाटात काय व्हायचं? कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. त्याआधीचं आणि नंतरचं वेगळं लिहा.

२. रोजच्या रस्त्यावरची सर्वांत अरुंद जागा शोधा. तिथे दहा मिनिटं सुरक्षित ठिकाणी मोठ्या माणसाबरोबर उभं राहून गाड्या मोजा.

३. "घाट दुपारी बंद" या निर्णयावर चार जणांच्या बाजूने दोन-दोन वाक्यं लिहा : एसटीचा चालक, आंब्याचा व्यापारी, पोकलेन चालवणारा, घाटाखाली राहणारी बाई.

तिसरा प्रश्न मुलांना फार आवडतो. माझ्या वर्गातल्या "पप्पा म्हणतात" वाल्या मुलाने पोकलेनवाल्याच्या बाजूने लिहिलं होतं, "खाली गाडी दिसली की माझा हात थांबतो, म्हणून मला वेळ लागतो."

पालकांसाठी दोन शब्द

पुढच्या वेळी गाडी घाटात अडकेल तेव्हा मुलं मागच्या सीटवर असतील. आपण जे बोलतो, तेच ती शिकतात. दिरंगाईवर राग येणं चुकीचं नाही. दहा-बारा वर्षं खड्ड्यांतून गेलेल्या माणसाचा तो हक्क आहे, आणि जाब विचारायलाच हवा. फक्त त्या रागाबरोबर एक प्रश्नही मुलांच्या हाती द्या. वर काय चाललंय? पाणी कुठे जातंय? खाली कोण राहतं? उद्या हीच मुलं मतदार होतील, त्यातली काही इंजिनिअर होतील. अचूक प्रश्न विचारणाऱ्याला टाळणं अवघड असतं.

हा पाठ साधारण तीन तासिकांचा आहे. तुमच्याकडे आंबा घाट असेल, वरंधा असेल, ताम्हिणी असेल, तर तिथली माहिती घेऊन बदल करा आणि मुलांनी काय लिहिलं ते जरूर सांगा.